रात्री साडेअकरानंतर तारे फुगतात, त्याचं काय करायचं?

पहिले चाळीस फोटो झकास आणि पुढचे दोनशे टाकाऊ. लागोपाठ तीन हिवाळे माझ्या नशिबी हेच होतं.

डिसेंबरच्या १३-१४ तारखेला मिथुन राशीतल्या उल्का पडतात, त्यासाठी आम्ही भंडारदऱ्याला जातो. पाण्याकाठी ट्रायपॉड लावायचा, चढत्या मृगाकडे कॅमेरा वळवायचा, एकामागून एक फोटो आपोआप निघत राहतील अशी सोय करायची आणि आपण शेकोटीपाशी जाऊन बसायचं. घरी येऊन फोटो मोठे करून बघितले की सुरुवातीचे तारे सुईच्या टोकाएवढे. मग साडेअकराच्या आसपास कुठेतरी ते फुगायला लागलेले. एक वाजेपर्यंत व्याधाचा कापसाचा बोळा झालेला आणि बारीक तारे तर दिसेनासेच.

मी काय केलं? आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, कमी केला. मग वाढवला. एक्स्पोजर, म्हणजे एका फोटोसाठी उजेड आत घ्यायचा वेळ, बदललं. दुसऱ्या वर्षी तर लेन्सच खराब आहे असं ठरवून ती विकायला काढली होती, गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणून वाचली. पुढे सगळे फोटो शेजारी शेजारी लावून बघितले तेव्हा लक्षात आलं, की तिन्ही वर्षी तक्रार एकच असली तरी कारणं तीन वेगवेगळी होती. आणि ती तिन्ही फोटोतच लिहिलेली होती, मी वाचली नव्हती.

म्हणून आता मी सेटिंगला हात लावायच्या आधी दोनच गोष्टी बघतो. बिघडलेल्या ताऱ्याचा आकार कसा आहे, आणि तो नेमका कितव्या फोटोपासून बिघडला.

ताऱ्याचा आकार वाचायचा कसा

कॉम्प्युटरवर फोटो शंभर टक्के मोठा करा. रात्रीतला पहिला, मधला आणि शेवटचा असे तीन फोटो घ्या. प्रत्येकाचा मध्य बघा, मग चारही कोपरे. मोबाईलवर हे जमत नाही, तिथे सगळंच सुंदर दिसतं.

तारा मधोमध लख्ख आणि भोवती मऊ धूसर वलय, वलय फक्त ठळक ताऱ्यांना आणि मंद तारे पुसलेले: काचेवर दव किंवा वर पातळ ढग. तारा म्हणजे सारख्या उजेडाची चकती, तिला मध्यबिंदू नाही, कड बऱ्यापैकी स्पष्ट, कधी कडेला जांभळी किंवा हिरवी झाक: फोकस गेलेला. तारे एकाच दिशेने लांबुळके, पण डोंगराची कड धारदार: पृथ्वी फिरली, एक्स्पोजर जास्त झालं. तारे आणि डोंगर दोन्ही सारखेच हललेले: ट्रायपॉड. आणि मध्यावरचे तारे नीट पण कोपऱ्यातले पंख पसरलेल्या पाखरासारखे: तो लेन्सचा स्वभाव आहे, छिद्र, म्हणजे लेन्समधली उजेड आत यायची वाट, एक पायरी लहान केलं तर पाखरू बरंचसं मिटतं. त्यावर यापेक्षा जास्त वेळ घालवू नका.

आता वेळ. बिघाड एका फोटोपासून दुसऱ्या फोटोत अचानक आला असेल तर काहीतरी हललं, बंद पडलं किंवा धक्का लागला. हळूहळू, वीस-तीस फोटोंत वाढत गेला असेल तर दोषी थंडी, नाहीतर तिच्यावरचा इलाज. पहिल्या फोटोपासूनच असेल तर चूक आपली, आणि तीही बटण दाबायच्या आधीची.

पहिलं वर्ष: फोकस एका क्षणात गेला

त्या वर्षीच्या फोटोंत ११ वाजून ३४ मिनिटांचा फोटो धारदार आणि ११ वाजून ३८ मिनिटांचा चकत्याचकत्यांचा. मधल्या चार मिनिटांत मी बॅटरी बदलली होती. फोकसच्या रिंगला बोटही लावलं नव्हतं, उलट त्यावर चिकटपट्टी लावून ठेवली होती, त्यामुळे फोकस हलणं शक्यच नाही असं मी छातीठोकपणे सांगत होतो.

मेख अशी, की अलीकडच्या बऱ्याच लेन्समध्ये, विशेषतः कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्समध्ये, फोकसची रिंग आतल्या काचांना जोडलेली नसतेच. रिंग फिरवली की आतल्या मोटरला फक्त सूचना जाते. कॅमेरा बंद झाला, किंवा नुसता झोपी गेला, तरी चालू होताना मोटर आपली जागा विसरू शकते. अशा लेन्सच्या रिंगवर चिकटपट्टी लावणं म्हणजे घोडा पळाल्यावर तबेल्याला कुलूप.

तुमची लेन्स कोणत्या जातीची आहे ते घरी तपासता येतं. कॅमेरा बंद ठेवून रिंग फिरवा. ती दोन्हीकडे अडथळ्याशिवाय गोल गोल फिरत राहिली तर बहुधा मोटरवाली. ठराविक जागी अडत असेल तर बहुधा जुन्या पद्धतीची, आणि तिच्यावर चिकटपट्टी खरंच उपयोगी. मोटरवाली असेल तर मेनूत जाऊन कॅमेरा आपोआप बंद होण्याची सोय काढून टाका, आणि बॅटरी बदलल्यावर फोकस पुन्हा करायचाच, कितीही कंटाळा आला तरी.

फोकस करायची रीत बहुतेकांना माहीत असते, तरी पटकन सांगतो. ऑटोफोकस बंद. लाइव्ह व्ह्यू चालू करून एखादा ठळक तारा मधोमध आणायचा आणि पडद्यावर दहापट मोठा करायचा. डिसेंबरात व्याध उगवायची वाट बघायची नसेल तर ब्रह्महृदय किंवा रोहिणी चालते. रिंग फिरवत तारा लहान लहान होत जातो, मग पुन्हा मोठा व्हायला लागतो. त्या उलट्या वळणापर्यंत जाऊन मागे यायचं. फोकस बरोबर बसल्याची खूण म्हणजे ठळक ताऱ्याच्या आजूबाजूला आधी न दिसलेले बारीक तारे पडद्यावर टिचकी मारल्यासारखे उमटतात. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका, खरी जागा तिच्या अलीकडे-पलीकडे असू शकते. आणि झूम लेन्स वर तोंड करून ठेवली की स्वतःच्या वजनाने घसरते, तेव्हा झूमच्या रिंगला मात्र चिकटपट्टी जरूर लावा.

दुसरं वर्ष: दव

या वर्षी फोकस दोनदा तपासला होता. तरीही साडेअकरापासून व्याधाभोवती वलय वाढत गेलं. चकती नाही, वलय. आणि अचानक नाही, हळूहळू. पण तेव्हा मला हा फरक वाचता येत नव्हता, म्हणून लेन्स विकायला काढली.

हा सगळ्यांत जास्त फसवणारा बिघाड आहे, कारण आपल्याला हवा ओली वाटत नाही. लेन्सला हात लावला तर ती नुसती गार लागते. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर फोटो ठीक दिसतो. आणि आपण मनाशी म्हणतो, धुकं तर नाहीये.

होतं असं. निरभ्र रात्री आकाशाकडे तोंड करून ठेवलेली कोणतीही वस्तू आपली उष्णता वर आकाशात सोडत राहते आणि परत तिला फारसं काही मिळत नाही. त्यामुळे ती भोवतालच्या हवेपेक्षाही दोन-चार अंश गार होते. हवेतल्या बाष्पाचं पाणी ज्या तापमानाला व्हायला लागतं त्याला दवबिंदू म्हणतात. हवा अजून दवबिंदूच्या वर असते, पण काच त्याच्या खाली गेलेली असते. म्हणून हवेत धुकं नसतं आणि काचेवर दव असतं. हिवाळ्यात सकाळी गाडी काढताना हे तुम्ही रोज बघता. झाडाखाली किंवा शेडमध्ये लावलेल्या स्कूटरची सीट कोरडी, उघड्यावर लावलेलीची निथळती. हवा दोघींना एकच होती. फरक एवढाच की एकीला आकाश दिसत होतं.

हे एकदा डोक्यात बसलं की उपाय आपोआप सुचतात. लेन्सला कमी आकाश दिसू द्या, म्हणजे हूड, लेन्सच्या तोंडाशी बसणारी नळी, लावा, लहान का असेना. पुढचा संरक्षक फिल्टर काढा. ती आणखी एक पातळ काच, लवकर गार होते आणि वर ठळक दिव्यांची खोटी प्रतिबिंबंही दाखवते. जागा बदला. गार हवा जड असते, ती रात्री उतारावरून घरंगळत खाली पाण्याकाठी येऊन साचते. मी काठापासून थोडा वर, जिथे किंचित वारा लागतो अशा चढावर गेलो तर दव पडायला तासभर उशीर झाला. प्रतिबिंबासाठी काठावरच बसायचं असेल तर बसा, पण काचेला ऊब द्यायची तयारी ठेवा.

पुसू मात्र नका. मीही पुसलं होतं. गार काच पुसली की दोन मिनिटांत दव परत, वर रुमालाचे फराटे, आणि पुसताना रिंगला धक्का लागून फोकस गेला तो वेगळाच. हलकं दव असेल तर पुठ्ठ्याने वारा घातला तरी काच हवेच्या तापमानाला येऊन तात्पुरती साफ होते. पण रात्रभरासाठी ऊबच हवी. लेन्सभोवती गुंडाळायचा, पॉवर बँकेवर चालणारा हीटरचा पट्टा मिळतो, तो सर्वांत सोयीचा. तो नसेल तर ट्रेकला जाताना लोक हातमोज्यांत ठेवतात त्या गरम पुड्या, दोन पुड्या एका जुन्या पायमोज्यात घालून लेन्सच्या तोंडाशी रबर बँडने बांधायच्या. दिसायला कॅमेरा गळपट्टा बांधलेल्या आजोबांसारखा दिसतो, पण काम होतं. काच गरमागरम करायची नाहीये, भोवतालच्या हवेपेक्षा तसूभर उबदार राहिली की पुरे. आणि हे सुरुवातीलाच बांधायचं, दव पडल्यावर नाही.

दर वीस मिनिटांनी जाऊन लाल टॉर्च बाजूने तिरपा मारून काच बघा. समोरून बघितलं तर दव दिसत नाही, तिरप्या उजेडात लगेच पांढुरकं दिसतं. वाकून बघताना श्वास रोखा, नाहीतर दव तुम्हीच आणाल. काच कोरडी असून वलय कायम असेल तर वर बघा, पातळ ढग असणार. त्यावर थांबणं हाच इलाज.

कोकणात आणि गोव्यात किनाऱ्यावर फोटो काढणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. तिथे काचेवर नुसतं दव नसतं, लाटांच्या तुषारांतलं मीठही बसतं. फोटोत दोन्ही सारखंच दिसतं, पण ऊब दिल्यावर दव जातं आणि मीठ तिथेच राहतं. हीटर लावूनही वलय जात नसेल तर हा संशय घ्या. कोरड्या कापडाने घासू नका. आधी फुंकणीने कण उडवा, मग लेन्सच्या द्रावणाने हलक्या हाताने साफ करा.

तिसरं वर्ष: औषधाचाच आजार

हीटरचा पट्टा आणला, काच रात्रभर कोरडी. तरीही फोटो गेले! या वेळी पुन्हा चकत्या, पण हळूहळू आलेल्या.

इथे दोन चुका एकत्र झाल्या होत्या. मी आधी गार लेन्सवर फोकस केला आणि मग हीटर चालू केला. लेन्स तापली की आतले भाग किंचित प्रसरण पावतात आणि फोकस सरकतो. छिद्र पूर्ण उघडं असताना तेवढंही पुरतं. दुसरं म्हणजे पट्टा मी फोकसच्या रिंगवरच आवळला होता. खाली लोंबणाऱ्या वायरच्या ओढीने रिंग केसभर फिरली असणार.

तेव्हा क्रम असा ठेवा. कॅमेरा काढून अर्धा तास बाहेरच्या थंडीत राहू द्या. पट्टा लेन्सच्या अगदी पुढच्या कडेला, रिंग मोकळी ठेवून बांधा. वायर ट्रायपॉडच्या पायाला एक वेढा देऊन अडकवा. हीटर मंद चालू करून वीस मिनिटं जाऊ द्या. मग फोकस. त्यानंतर हीटर कमी-जास्त केला तर फोकस पुन्हा. पॉवर बँक नवी असेल तर एकदा घरी चालवून बघा, काही पॉवर बँका अगदी कमी वीज ओढली जात असेल तर काही जोडलेलंच नाही असं समजून बंद पडतात. हीटर बंद आणि आपण खुशाल.

पहिल्या फोटोपासूनच तारे लांबुळके असतील तर

पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं (एका अंशाच्या ३६०० व्या भागाला विकला म्हणतात). माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, लहान सेन्सरचा. १८ मिलिमीटर लेन्सवर त्याचा एक पिक्सेल सुमारे ४५ विकला झाकतो. २५ सेकंदांचं एक्स्पोजर दिलं तर तारा ३७५ विकला सरकला, म्हणजे आठ पिक्सेल. सुईचं टोक कुठलं, तांदळाचा दाणा झाला.

पण सगळे तारे सारखे लांबत नाहीत, आणि इथेच लोक गोंधळतात. मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावर, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या रेषेवर आहे, तिथे ही धाव सर्वांत मोठी. सप्तर्षींकडे ती साधारण निम्मी. ध्रुवाजवळ जवळपास नाहीच. त्यामुळे मित्राने उत्तरेकडे तोंड करून ३० सेकंद दिले आणि तारे गोल आले, म्हणून तुम्ही मृगावर ३० सेकंद दिलेत तर फसाल. आकाशगंगेचा धनू राशीतला दाट भाग विषुववृत्ताच्या सुमारे २९ अंश दक्षिणेला आहे, तिथेही सूट फारशी मिळत नाही. फेब्रुवारी ते मे या आपल्या आकाशगंगेच्या हंगामात, पहाटेच्या फोटोंत, ही चूक सर्रास दिसते.

५०० चा नियम अनेकांच्या तोंडपाठ असतो: ५०० ला लेन्सच्या लांबीने, म्हणजे तिच्या मिलिमीटरच्या आकड्याने भागा, लहान सेन्सर असेल तर लांबी आधी दीडपट करा. माझ्या लेन्सला तो १८ सेकंद देतो. हा ढोबळ नियम आजच्या बारीक पिक्सेलांना ढिला पडतो. जरा कडक हिशोब असा: छिद्राचा आकडा (एफच्या पुढचा) गुणिले ३५, अधिक पिक्सेलची रुंदी मायक्रॉनमध्ये गुणिले ३०, आणि या बेरजेला लेन्सच्या लांबीने भागायचं. एफ ३.५, पिक्सेल ३.९ मायक्रॉन, लेन्स १८ मिलिमीटर: उत्तर १३ सेकंद. फोटो फक्त मोबाईलवर दाखवायचा असेल तर २० सेकंदही खपून जातात, मी कितीदा खपवलेत. भिंतीवर मोठा लावायचा असेल तर १३ च. उजेड कमी पडला तर आयएसओ वाढवा किंवा आठ-दहा फोटो एकावर एक रचा.

तारे आणि डोंगर दोन्ही हललेले असतील तर मात्र हे गणित बाजूला ठेवा आणि ट्रायपॉडकडे बघा. मधला दांडा खाली. लेन्समधली थरथर रोखणारी यंत्रणा बंद, ट्रायपॉडवर ती कधीकधी स्वतःच थरथर निर्माण करते. वजनासाठी पिशवी लटकवली असेल तर तिचं बूड जमिनीला टेकू द्या, अधांतरी पिशवी वाऱ्यावर लंबकासारखी झुलते आणि कॅमेऱ्याला झुलवते.

ताऱ्यांच्या रेघांमध्ये खंड पडत असेल तर

शेकडो फोटो जोडून ध्रुवाभोवती वर्तुळं काढणाऱ्यांची ही कायमची रड: रेघा अखंड न येता तुटक येतात, शिवणीच्या टाक्यांसारख्या.

पहिला आरोपी म्हणजे मेनूतलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन. ते चालू असलं की प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ शटरचा पडदा बंद ठेवून एक काळा फोटो काढतो आणि वजा करतो. ३० सेकंद फोटो, ३० सेकंद अंधार. बंद करा. त्याऐवजी रात्रीच्या शेवटी लेन्सला झाकण लावून, त्याच आयएसओवर आणि तेवढ्याच वेळाचे दहा-पंधरा काळे फोटो काढा आणि घरी वजा करा. एप्रिल-मेच्या उकाड्यात हे खरंच लागतं. सेन्सर जितका गरम तितके लाल-निळे खोटे ठिपके जास्त, दर ६ ते ८ अंशांना हा उपद्रव साधारण दुप्पट होतो. खोटा ठिपका ओळखायचा सोपा: प्रत्येक फोटोत त्याच जागी बसलेला असतो, तारा सरकतो.

दुसरा आरोपी जास्त बेरकी. बऱ्याच कॅमेऱ्यांत ३० सेकंद असं लिहिलेलं असतं पण शटर प्रत्यक्षात ३२ सेकंद उघडं राहतं, कारण आतला हिशोब १, २, ४, ८, १६, ३२ असा दुपटीचा आहे आणि डायलवर सोयीसाठी १५ आणि ३० छापलेलं असतं. तुम्ही दर ३१ सेकंदांनी फोटो काढ असं सांगितलंत, तर ३१ व्या सेकंदाला कॅमेरा अजून पहिल्याच फोटोत गुंतलेला. तो ती पाळी सोडून देतो आणि ६२ व्या सेकंदाला पुढचा काढतो. निम्मे फोटो गायब! मध्यांतर ३४ सेकंद ठेवा, किंवा सरळ कंटिन्युअस मोडवर टाकून रिमोटचं बटण अडकवून ठेवा.

वर्तुळांचा फोटो ठरवताना एक ध्यानात असू द्या, ध्रुवतारा क्षितिजापासून तुमच्या अक्षांशाइतकाच वर असतो. पुण्यात साडेअठरा अंश. उत्तरेला जवळ डोंगर असेल तर तो त्यामागेच बसतो. एकदा राजगडाच्या पायथ्याशी मी तासभर फोटो काढल्यावर मला हे आठवलं.

बाकी फोटोत सरळ, एकसारख्या उजेडाची रेघ बहुतेक वेळा उपग्रहाची, ठिपक्याठिपक्यांची विमानाची. आणि मेअखेर-जूनच्या तोंडावर भंडारदऱ्याला गेला असाल तर झाडांच्या उंचीवरचे हिरवट-पिवळे फराटे कॅमेऱ्याचा दोष नव्हेत, काजवे आहेत. ते पुसू नका.

निघताना कॅमेरा बाहेरच, थंडीतच, प्लॅस्टिकच्या झिपवाल्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि मगच गाडीत ठेवा. गाडीतली उबदार दमट हवा गार लेन्सला लागली की रात्रभर वाचवलेली काच मिनिटभरात आतबाहेर ओली होते. फोटो बघायची कितीही घाई असली तरी कार्ड आधीच काढून खिशात ठेवा, पिशवी घरी पोचून तासाभराने उघडा.